कापिती बेटावर एक दिवस: विद्यार्थी गट घेऊन जाणाऱ्यांसाठी

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनहून उत्तरेकडे जाणाऱ्या लोकलने पुकेरुआ बे सोडलं की गाडी बोगद्यांतून आत-बाहेर करू लागते आणि डाव्या हाताला एकदम समुद्र उघडतो. त्या समुद्रात पाण्यात बसलेल्या म्हशीसारखं एक लांबट, काळपट बेट दिसतं. ते कापिती. किनाऱ्यापासून साधारण ५ किलोमीटरवर, सुमारे १० किलोमीटर लांब, जेमतेम २ किलोमीटर रुंद, आणि सर्वांत उंच टोक ५२१ मीटरचं. इथे शिकायला आलेल्या मुलामुलींच्या गटाने एक दिवस कुठे जावं असं कुणी मला विचारलं, तर मी डोळे झाकून हेच बेट सांगते, आणि जायचं तर माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, वाटाड्यांबरोबरच जा, हेही बजावते.

मी तीनदा गट घेऊन गेले. पहिल्या वेळी आम्ही निघालोच नाही, दुसऱ्या वेळी गेलो पण शोभा करून आलो, तिसऱ्या वेळी जमलं. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्या दुसऱ्या खेपेतून शिकलेलं आहे.

आधी उच्चार

इंग्रजीत लोक ‘कॅपिटी’ म्हणतात. माओरीत ते ‘कापिती’, आणि त्यातला ‘त’ आपल्या ‘त’च्या खूपच जवळचा. एकूणच ही भाषा आपल्या जिभेला सोपी आहे. पाच स्वर, त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ, आणि जसं लिहिलं तसंच वाचायचं. रोमन लिपीत ‘डब्ल्यू-एच’ दिसलं की ‘फ’ म्हणायचं, आणि ‘एन-जी’ दिसलं की ‘ङ’. शाळेत ‘वाङ्मय’ लिहिण्यापुरता भेटलेला तो ङ इथे शब्दाच्या सुरुवातीलाच येतो: ङाती तोआ, म्हणजे ज्या जमातीचा या बेटाशी दोनशे वर्षांचा संबंध आहे ते लोक. गटातल्या सगळ्यांना हे एवढं दहा मिनिटांत शिकवून ठेवा. यजमानांचं नाव पाहुण्यांना नीट घेता आलं की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

बेटाचं पूर्ण नाव ‘ते वाएवाए कापिती ओ तारा राउआ को राङिताने’ असं आहे. तारा आणि राङिताने या दोघांच्या मुलखांची सीमा इथे मिळत असे, असा त्याचा अर्थ. १७७० मध्ये कॅप्टन कुक या बाजूने गेला तेव्हा त्याने आपलं एक वेगळं नाव देऊन टाकलं होतं. ते आज कुणाच्या तोंडी नाही.

बेत कधी आणि कुठला

बेट म्हणजे संरक्षित पक्षी-अभयारण्य. १८९७ पासून ते राखीव आहे. स्वतःची होडी काढून उतरता येत नाही. संवर्धन खात्याचा परवाना असलेल्या बोटवाल्यांकडूनच जावं लागतं आणि रोज किती माणसांनी उतरायचं याला मर्यादा आहे. त्यामुळे पंधरा-वीस जणांचा गट असेल तर निदान महिना-दीड महिना आधी बोलून ठेवा. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लवकर भरतात. सत्र चालू असताना आठवड्याच्या मधला एखादा मोकळा दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं.

उतरायच्या जागा दोन. पहिली रङातिरा, बेटाच्या मधल्या भागात, जिथून माथ्यावर जाणाऱ्या वाटा निघतात. दुसरी उत्तर टोकाला, वायोरुआच्या खाडीजवळ. वायोरुआची थोडी जमीन आजही तिथल्या माओरी कुटुंबाच्या मालकीची आहे. बाकी बेट सरकारी राखीव झालं तरी तेवढा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे राहिला. ज्यांना डोंगर चढायचा आहे त्यांनी रङातिराला जावं. ज्यांना माणसं भेटायची आहेत त्यांनी उत्तरेला जावं. विद्यार्थी गटासाठी माझं मत दुसऱ्या बाजूने आहे. डोंगर तर तुम्ही सह्याद्रीतही चढला आहात.

ऋतू म्हणाल तर सप्टेंबर ते जानेवारी पक्षी जास्त बोलके असतात. पण एक गोष्ट गटाला आधीच स्पष्ट सांगा: दिवसाच्या सहलीत किवी दिसत नाही. तो निशाचर आहे. त्यासाठी बेटावर रात्र काढावी लागते आणि तो बेत वेगळा. हे न सांगितल्यामुळे आमच्यातला एक जण दिवसभर तोंड पाडून फिरत होता.

बोलणी करताना बोटवाल्याला आणि यजमानांना चार गोष्टी विचारून घ्या. स्वागत कसं होणार, जेवण सहलीत धरलं आहे का, शाकाहारी किती जण ते त्यांना कधीपर्यंत कळवायचं, आणि वारा असेल तर सकाळी किती वाजता फोन करायचा. कांदा-लसूण न खाणारे कुणी असतील तर तेही आधीच सांगा. ऐन वेळी यजमानांच्या स्वयंपाकघरात धावपळ उडवणं बरं नाही.

दोन आठवडे आधी: गाणं आणि ओळख

बेटावर पोचल्यावर यजमान स्वागत करतात. ते माराय, म्हणजे जमातीच्या सभास्थानावरच्या विधिवत पोफिरीइतकं (स्वागतसोहळ्याइतकं) औपचारिक असेलच असं नाही. बहुधा साधं ‘मिहि फाकाताउ’ असतं: यजमानांपैकी कुणीतरी बोलतं, प्रार्थना होते, मग आपल्या बाजूने कुणीतरी उत्तर द्यायचं, आणि बोलणं झालं की आपल्या गटाने एक गाणं म्हणायचं. बोलणाऱ्याच्या शब्दांना बाकीच्यांनी गाऊन पाठिंबा द्यायचा, अशी ती पद्धत आहे.

आम्हाला हे माहीत नव्हतं. आमच्या एका मित्राने इंग्रजीत दोन वाक्यं आभार मानले आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. शेवटी कुणीतरी गणपतीची आरती सुरू केली. पहिलं कडवं जोरात झालं, दुसऱ्या कडव्यात निम्मे गळाले, तिसऱ्यात टाळ्यांचा वेग एवढा वाढला की शब्द मागे राहिले. यजमानांनी मात्र मनापासून टाळ्यांची साथ दिली आणि नंतर अर्थही विचारला. तरी ती वेळ आणू नका. सगळ्यांना पाठ असलेलं, दीड मिनिटाचं, एका सुरात म्हणता येणारं काही तरी ठरवा. एखादा अभंग छान जातो. एक माओरी गाणं शिकलात तर उत्तमच, पण अर्धवट म्हटलेल्या माओरी गाण्यापेक्षा नीट म्हटलेला मराठी अभंग मला तरी बरा वाटतो.

आता ‘पेपेहा’. माओरी माणूस ओळख करून देताना आधी आपला डोंगर सांगतो, मग नदी, मग पूर्वजांना घेऊन आलेली नाव, मग जमात, आणि स्वतःचं नाव अगदी शेवटी. आपल्याला हे मुळीच परकं वाटू नये. ‘मूळ गाव कुठलं?’, ‘कुलदैवत कोणतं?’, ‘म्हणजे अमक्याच्या घरातले का?’ असं आपल्या आजीनेही याच क्रमाने विचारलं असतं. गटातल्या दोघा-तिघांनी छोटी ओळख तयार ठेवावी. इथल्या डोंगराला ‘माझा डोंगर’ म्हणू नये. तो त्यांचा, त्यांच्या वंशावळीतला आहे. आपल्या गावचा डोंगर, आपली नदी सांगावी. कृष्णा, गोदावरी, कऱ्हा, जी असेल ती. एवढं पाठ केलं तरी पुरे:

तेना कोउतोउ कातोआ. (तुम्हा सर्वांना नमस्कार.)
नो ईनिया आहाउ. (मी भारतातली.)
केई ते फाङानुई-आ-तारा आहाउ ए नोहो आना. (मी वेलिंग्टनला राहते.)
को … तोकु इङोआ. (माझं नाव …)
नो रेइरा, तेना कोउतोउ, तेना कोउतोउ, तेना कोउतोउ कातोआ. (म्हणून पुन्हा तुम्हा सर्वांना नमस्कार.)

‘आहाउ’ म्हणजे ‘मी’. तो स्त्री-पुरुष दोघांना एकच, त्यामुळे ‘राहतो-राहते’ची कटकट नाही. फाङानुई-आ-ताराचा उच्चार चुकला तर ते हसतील, पण चांगल्या अर्थाने.

‘कोहा’ म्हणजे पाहुण्यांनी यजमानांना दिलेली भेट. पैसे भरून केलेल्या सहलीत ती वेगळी द्यायची का, हे ठरवताना विचारून घ्या. आम्ही पाकीट न देता घरची चकली आणि बेसनाचे लाडू नेले होते, घट्ट झाकणाच्या डब्यात. डबा रिकामा परत मिळाला.

आदल्या रात्री: पिशवी

न्यूझीलंडच्या जमिनीवर वटवाघुळं सोडली तर मूळचा एकही सस्तन प्राणी नाही. इथले पक्षी लाखो वर्षं जमिनीवरच्या शत्रूशिवाय वाढले. काही उडायचे विसरले, काही जमिनीवर घरटी करू लागले. मग माणसांबरोबर उंदीर आले, नंतर स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी), मांजरं, ऑस्ट्रेलियातले झाडांवर राहणारे पॉसम. कापितीवर १९८० च्या दशकात वीस हजारांहून जास्त पॉसम मारावे लागले. १९९६ मध्ये हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकून उंदीर संपवले आणि १९९८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. २०१० मध्ये तिथे एक स्टोट दिसला, बहुधा पोहून आलेला, आणि त्याच्यामागे किती मोठी शोधमोहीम निघाली हे वाटाड्यांकडून ऐकण्यासारखं आहे. एक गाभण उंदरीण तुमच्या पिशवीतून तिथे उतरली तर इतक्या वर्षांची मेहनत वाया.

म्हणून निघण्याआधी प्रत्येकाची पिशवी तपासली जाते. ती घरीच रिकामी करून, उलटी झटकून घ्या. बुटांच्या तळव्यातली माती ब्रशने काढा, मोज्यांवर आणि वेल्क्रोवर अडकलेलं गवताचं बी वेचा. खाण्याचं सगळं झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत. उघडी पिशवी, फाटका कागद, कोपऱ्यात पडलेला चुरा, काही चालत नाही. माझ्या पिशवीच्या बाहेरच्या खिशात बडीशेप निघाली. भाजलेली आहे, उगवणार नाही, असं मी सांगून पाहिलं. तपासणाऱ्या बाईंनी शांतपणे कचऱ्याचा डबा पुढे केला. नंतर कळलं की बडीशेप इथे रस्त्याकडेला तण म्हणून माजलेली आहे, त्यामुळे मी सर्वांत चुकीची वस्तू घेऊन चुकीच्या जागी उभी होते.

बाकी सामान थोडकंच. वारा न शिरणारं जाकीट, आत गरम कपड्याचा एक थर, टोपी, भरपूर सनस्क्रीन (इथलं ऊन आपल्या मे महिन्यासारखं भाजत नाही, पण कातडी जास्त लवकर जाळतं), पाणी, बूट भिजले तर मोज्यांचा दुसरा जोड. बेटावर दुकान नाही आणि कचऱ्याचे डबेही नाहीत. जे नेलं ते परत आणायचं, संत्र्याच्या सालीसकट. डब्याला दशम्या किंवा मेथीचे पराठे न्या. त्यांचा चुरा पडत नाही आणि हात धुवायला पाणी शोधावं लागत नाही.

निघायची सकाळ

वेलिंग्टन स्थानकावरून कापिती लाइनची गाडी पकडून पारापाराउमुला उतरायचं, तासाभराचा प्रवास. कार्डवर पैसे आहेत ना, ते सगळ्यांनी आदल्या दिवशीच बघावं. स्थानकापासून किनारा दोन-तीन किलोमीटर, तिथे बसने. पण गाडीत बसण्याआधी फोन. कुकच्या सामुद्रधुनीतून येणारा वारा कुणाचं वेळापत्रक बघत नाही. आमची पहिली खेप फोन न करता निघाल्यामुळे किनाऱ्यावर संपली. आकाश निळंशार, ऊन पडलेलं, आणि बोट रद्द. मधल्या पाण्यात लाटा होत्या, त्या आम्हाला किनाऱ्यावरून दिसत नव्हत्या. गटाच्या म्होरक्याने आधीच एक राखीव दिवस ठरवून ठेवावा, आणि रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी घ्यावं.

बोट सुटायला साधारण नऊ वाजतात, तपासणीसाठी त्याआधी पोचावं. धक्का वगैरे नाही. ट्रॅक्टर बोटीला वाळूवरून ओढत पाण्यात नेतो. पहिल्यांदा पाहताना फार मजा वाटते. पाणी ओलांडायला वीसेक मिनिटं. बोट लागते त्यांनी अर्धा तास आधी गोळी घ्यावी. वाटेत ज्या पाण्यावरून जाता त्यातला मोठा भाग १९९२ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गळ टाकायचा नाही.

बेटावर पाहुणे म्हणून

उतरल्यावर सुसाट पुढे जाऊ नका. यजमान बोलावतील, तेव्हा एकत्र चला. स्वागत चालू असताना फोटो काढू नका, आधी विचारा. प्रार्थना, म्हणजे कराकिया, चालू असताना गप्प उभं राहणं पुरेसं आहे. स्वागताच्या शेवटी होङी होतो: नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ हलकेच टेकवायचं, श्वास एकमेकांत मिसळतो. ताने या देवाने मातीपासून हिनेआहुओनेला घडवलं आणि तिच्या नाकपुड्यांत प्राण फुंकले, ती कथा या श्वासामागे आहे. डोळे मिटलेत तरी चालतं. घाईने चुंबनासारखं करू नका, हसू येत असेल तर मनात हसा. सर्दी-खोकला असेल तर आधीच सांगून बाजूला राहा. कुणी वाईट मानत नाही.

दोन-तीन गोष्टींत आपण सहसा चुकतो. जेवणाच्या टेबलावर बसायचं नाही, त्यावर टोपी ठेवायची नाही. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लहान मुलाच्याही; डोकं त्यांच्याकडे ‘तापु’, म्हणजे सोवळ्यातलं. बेटावर जुनी दफनस्थळं आहेत. वाटाड्या जिथे थांबायला सांगेल तिथे थांबा, आणि तिथला दगड, शिंपला, पीस काही उचलू नका. अशा जागेवरून निघताना माओरी माणूस हातांवर पाणी घेतो. स्मशानातून आल्यावर आपण पाय धुतो, त्याची मला तेव्हा आठवण झाली.

वाटाड्या इतिहास सांगेल तेव्हा ‘ते राउपाराहा’ हे नाव येईल. ङाती तोआचा हा सरदार १८२० च्या दशकात आपले लोक घेऊन दक्षिणेला आला आणि कापिती त्याचं ठाणं झालं. १८२४ मध्ये अनेक जमातींनी मिळून वायोरुआवर हल्ला केला आणि हरल्या. पुढे इथे व्हेलची शिकार करणारे गोरे आले, हाराकेके नावाच्या झुडपाच्या वाखाच्या बदल्यात बंदुकांचा व्यापार चालला. ऑल ब्लॅक्स हा न्यूझीलंडचा रग्बी संघ करतो तो प्रसिद्ध हाका, म्हणजे आवेशाचं समूहनृत्य, ते राउपाराहाचाच. २०१४ च्या कायद्याने त्याच्या नावाची नोंद करणं बंधनकारक झालं. म्हणून गटातल्या उत्साही मंडळींनी तिथे जीभ बाहेर काढून हाकाची नक्कल करू नये. ते कुणाच्या तरी आजोबांचं आहे. ते राउपाराहाच्या लढायांत दुसऱ्या जमातींची माणसंही मेली; वाटाड्या तेही सांगतो, आणि ऐकताना आपण बाजू घ्यायची गरज नसते.

पायवाट

चाल हळू ठेवा. वीस माणसं बोलत चालली तर काहीच दिसत नाही. पाच मिनिटं गप्प उभं राहिलं की पक्षी स्वतः जवळ येतात. छोटा तोउतोउवाई तर तुमच्या बुटाशी येऊन माती उकरलेली आहे का ते बघतो. पायाने थोडी पानं बाजूला केली की तो खालचे किडे टिपायला धावतो. तपकिरी खोगीर पाठीवर असलेला काळा तीएके, केरेरूचे जड पंख, तूई आणि कोरिमाकोचं गाणं, आणि नशीब असेल तर गवतात चरणारा निळा, लाल चोचीचा ताकाहे.

वाटाड्याकडून शिकण्यासारखं खरं झाडांपाशी आहे. कावाकावा नावाचं झुडूप दाखवतील. पान हृदयाच्या आकाराचं, आणि हातात घेतलं की क्षणभर वाटतं, हे तर नागवेलीचं पान! चूक नाही. मिरी, नागवेल आणि कावाकावा एकाच कुळातली भावंडं. औषधाला ते किड्यांनी भोकं पाडलेली पानं निवडतात. किड्याला जे पान आवडलं तेच गुणाचं. आणि हाराकेके, ज्याच्या वाखाने इथलं दोरकाम आणि विणकाम चालायचं. त्याच्या झुडपात मधला कोंब म्हणजे बाळ, त्याच्या दोन बाजूंची पानं म्हणजे आईबाप. कापायची ती बाहेरची, आजीआजोबा झालेली पानंच. ही गोष्ट आमच्या गटातल्या शेतकऱ्याच्या मुलाला इतकी पटली की परतीच्या बोटीत तो त्यावरच बोलत होता.

बेटावर जपलेला सर्वांत मोठा ठेवा तुम्हाला दिसणार नाही. मुख्य भूमीवरून जवळजवळ नाहीसा झालेला ठिपकेवाला लहान किवी १९१२ मध्ये इथे आणलेल्या मोजक्या पक्ष्यांपासून वाढला. आज तो हजाराहून जास्त आहे, आणि दिवसा तुम्ही चालता त्या वाटेच्या कडेला बिळात झोपलेला असतो.

काका आणि डबा

जेवायला बसताना सावध राहा. ‘वेका’ हा कोंबडीएवढा, न उडणारा तपकिरी पक्षी पायांत घुटमळतो आणि नजर चुकली की डब्यासकट पळतो. त्याहून वस्ताद ‘काका’, मोठा रानपोपट. तो खांद्यावर बसतो, पिशवीची चेन चोचीने उघडतो. ‘अरे, काकांनी पराठा नेला!’ हे वाक्य त्या दिवशी आमच्यात इतक्यांदा म्हटलं गेलं की यजमानांनी त्याचा अर्थ विचारला, आणि ‘काका’ म्हणजे वडिलांचा भाऊ हे कळल्यावर ते पोट धरून हसले.

पण द्यायचं काही नाही. शेंगदाणे, काजू, पोळीचा तुकडा, काहीच नाही. माणसांच्या खाण्याने काकाच्या पिल्लांची हाडं कमकुवत होतात. खाणं मांडीवर, पिशवी बंद, आणि अर्धी माणसं जेवताना अर्ध्यांनी पहारा, ही पद्धत आमच्या उपयोगी पडली.

दुपारी तीनच्या आसपास परतीची बोट असते. निघण्याआधी दहा मिनिटं राखून ठेवा. निरोपालाही चार शब्द आणि एखादं गाणं लागतं, म्हणजे दुसरा अभंगही पाठ हवा. पिशव्यांची मोजणी करा, डोक्यांची मोजणी दोनदा करा, आणि वेकाने कुणाचा मोजा नेला असेल तर तो सोडून द्या.